सेल्फ बदलण्याआधी, आणि बदलताना

जुन्या गाड्यांच्या स्टार्टर मोटरबद्दल, म्हणजे गॅरेजच्या भाषेत 'सेल्फ'बद्दल, इतके प्रश्न साचले होते की या वेळचं सदर त्यालाच दिलं आहे. सारख्या प्रश्नांची उत्तरं एकत्र केली आहेत.

प्रश्न : अॅम्बॅसडर, १४८९ सीसी पेट्रोल इंजिन. किल्ली फिरवली की बॉनेटखाली 'टक्' एवढाच आवाज येतो, इंजिन हलत नाही. बॅटरी नवी आहे. मेकॅनिक म्हणतो सेल्फ गेला, नवा टाका. टाकू का? (सांगली)

आज टाकू नका. तो 'टक्' सोलेनॉइडचा, म्हणजे बॅटरीचा मोठा करंट सेल्फकडे सोडणाऱ्या विजेच्या स्विचचा आहे. म्हणजे किल्लीपासून सोलेनॉइडपर्यंतची बारीक वायर शाबूत आहे आणि घोटाळा त्याच्या पुढे आहे. आधी अंधारात गाडी उभी करून हेडलाइट लावा आणि कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगा. दिवे तसेच लख्ख राहिले तर सेल्फपर्यंत करंट पोचतच नाही, किंवा सेल्फच्या आत कार्बन (फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) टेकत नाहीत. दिवे एकदम मंदावले तर करंट भरपूर जातो आहे पण मोटर फिरू शकत नाही. अशा वेळी पिनियन (सेल्फच्या टोकाचं छोटं दातेरी चाक) फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या मागच्या जड चाकाच्या, दातेरी रिंगेत अडकलेलं असतं, शाफ्ट ज्यात फिरतो ते बुश झिजून आर्मेचर (मोटरचा आतला फिरता भाग) घासत असतं, किंवा नवी म्हणून घेतलेली बॅटरीच दम टाकत असते.

मग मल्टिमीटर घ्या. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि ठिणगी देणाऱ्या इग्निशन कॉइलची बारीक वायर काढलेली, म्हणजे इंजिन चुकून सुरू होणार नाही. किल्ली धरून ठेवायला सांगून सेल्फच्या टर्मिनलवर व्होल्टेज बघा. मीटरची दुसरी तार सेल्फच्या अंगावर टेकवा. पूर्ण १२ व्होल्ट येतात आणि मोटर ढिम्म, तर दोष खरंच सेल्फमध्ये आहे. शून्य येत असेल तर आधी सोलेनॉइडचे आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळलेत का ते बघा, मग केबलची टोकं.

इंजिन फिरतं पण आळसावून फिरतं, असं असेल तर मोजणी वेगळी. इंजिन फिरत असताना बॅटरीच्या शिशाच्या खांबापासून (क्लॅम्पपासून नव्हे) सेल्फच्या टर्मिनलपर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडता कामा नये. बॅटरीच्या अर्थच्या (गाडीच्या बॉडीला जोडलेल्या) खांबापासून सेल्फच्या अंगापर्यंत पाव व्होल्टच्या आत हवं. बॅटरीवर स्वतःवर १० व्होल्ट टिकले पाहिजेत. हे आकडे क्षुल्लक वाटतात, पण हिशेब करून बघा. थंड इंजिन फिरवताना सेल्फ सहज १५० ते २०० अँपिअर ओढतो. वाटेत कुठे एका ओहमचा शंभरावा भाग एवढा जरी अडथळा असला तरी २०० अँपिअरला २ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. केबलच्या टोकाची गंजलेली एक रिंग-थिंबल एवढा अडथळा आरामात करते.

अॅम्बॅसडरमध्ये हमखास विसरली जाणारी गोष्ट म्हणजे इंजिन ते बॉडी ही विणलेली अर्थची पट्टी. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे ही पट्टी तुटली की करंट चोक आणि अॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारताना चोकची केबल गरम लागली किंवा तिचं कव्हर वितळलं तर दुसरं काही शोधू नका.

प्रश्न : त्याच गाडीसाठी एक्स्चेंजमधला (जुन्याच्या बदल्यात मिळणारा, दुरुस्त केलेला) सेल्फ आणला आहे. स्वतः बसवायचा आहे. क्रम सांगा आणि कुठे चुकतं तेही सांगा. (पुणे)

गाडीखाली जाण्याआधी निम्मं काम टेबलावर करायचं. जुना आणि आणलेला सेल्फ शेजारी ठेवून पिनियनचे दात मोजा. एका दाताचा फरक असला तरी तो परत करा. फ्लँजपासून (सेल्फ इंजिनाला जिथे टेकतो त्या कडेपासून) पिनियनपर्यंतचं अंतर, फ्लँजमधून पुढे आलेल्या गोल भागाचा व्यास, दोन बोल्टच्या भोकांमधलं अंतर आणि फिरण्याची दिशा, हे सगळं जुळलं पाहिजे. या इंजिनाच्या मूळ सेल्फवर सोलेनॉइड नसतो, तो वेगळा बॉडीवर असतो, आणि पिनियन बेंडिक्सवर (शाफ्टवरच्या आट्या आणि स्प्रिंगच्या यंत्रणेवर) झटक्याने सरकून रिंगेत जातं. अंगावर सोलेनॉइड बसवलेला दुसऱ्या जातीचा सेल्फ 'फ्लँज तर बसतो की' म्हणून गळ्यात मारला जातो. त्या जातीसाठी रिंगेच्या दातांचा उतार वेगळ्या बाजूला असावा लागतो. तो नसला तर पिनियन दातांच्या डोक्यावर आपटत राहतं, आणि खराब रिंग बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

मग आणलेला सेल्फ व्हाइसमध्ये घट्ट आवळून जंपर केबलने दोन-तीन सेकंद फिरवून बघा. हातात धरून कधीही नाही. सुरू होताना तो अंग असं झटकतो की मनगट मुरगळतं. पिनियन पुढे झेपावलं पाहिजे आणि आवाज एकसारखा हवा. बिनओझ्याने जास्त वेळ फिरवू नका. सिरीज वाइंडिंगच्या, म्हणजे आतल्या गुंडाळ्या एकामागोमाग जोडलेल्या, मोटरचा वेग ओझं नसताना वाढतच जातो.

आता गाडी. पहिल्यांदा बॅटरीची अर्थची केबल काढा. हे टाळून थेट सेल्फच्या नटाला पाना लावला आणि पान्याचं दुसरं टोक इंजिनाला टेकलं तर पाना तिथे वेल्डिंग होतो. सेल्फ डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला, मागे फ्लायव्हीलच्या घरापाशी आहे. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून बाजूला सारली की हात शिरतो. गाडी वर उचलायची असेल तर जॅकवर विसंबू नका. चॅसीखाली स्टँड द्या आणि मागच्या चाकांना दगड लावा.

टर्मिनलचा बाहेरचा नट सोडवताना आतला नट दुसऱ्या पान्याने धरून ठेवा. न धरता जोर लावला तर खांब फिरतो आणि आतली फील्ड कॉइलची (चुंबकत्व तयार करणाऱ्या स्थिर गुंडाळीची) जोडणी तुटते. चांगला सेल्फ याच एका चुकीने गेल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

सेल्फ दोन बोल्टवर टांगलेला असतो. बोल्ट इंचातले आहेत, डोक्याला ९/१६ इंचाची गोटी (सॉकेट) लागते. १४ एमएमचा पाना चढत नाही आणि १५ चा चढून घसरतो, डोकं गोल करून ठेवतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. वरचा बोल्ट आधी ढिला करा पण काढू नका. खालचा पूर्ण काढा. मग सेल्फला खालून हाताचा आधार देऊन वरचा काढा. वजन सात-आठ किलो आहे आणि तुम्ही बरोबर त्याच्याखाली असता. सेल्फ पुढच्या बाजूला सरकवत, पिनियन भोकातून सोडवत बाहेर काढायचा. फ्लँजमागे पत्र्याचं पॅकिंग निघालं तर ते जपून ठेवा आणि तेच परत घाला.

भोक उघडं आहे तोवर टॉर्च लावून रिंगेचे दात बघून घ्या. कुणाला तरी हँडलने इंजिन हळूहळू पूर्ण फेरा फिरवायला सांगा. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुतेक वेळा समोरासमोरच्या दोनच जागी थांबतं, म्हणून रिंगही त्याच दोन जागी झिजते. बाकीचे दात नव्यासारखे आणि दोन ठिकाणी खाल्लेले, असं दिसलं तर नवा सेल्फसुद्धा कधी घेईल, कधी नाही.

आता सगळ्यात जास्त चुकणारी जागा. या सेल्फला वेगळी अर्थची वायर नसते. परतीचा करंट फ्लँजमधूनच जातो. एक्स्चेंजचा सेल्फ छान काळ्या रंगाने रंगवून येतो, फ्लँजसकट. तो रंग फ्लँजच्या तोंडावरून आणि इंजिनाच्या प्लेटवरून खरवडून धातू चकचकीत दिसेपर्यंत साफ करा. बोल्टच्या डोक्याखालची जागाही. व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवलात तर पुढे गंज धरत नाही.

बसवताना दोन्ही बोल्ट आधी हाताने पूर्ण फिरवून घ्या, फ्लँज सरळ टेकला की मग आवळा, स्प्रिंग वॉशरसकट, सुमारे ३० फूट-पाउंड. एक बोल्ट पूर्ण आवळून मग दुसरा लावला तर सेल्फ तिरका बसतो आणि पिनियन रिंगेला एका कडेने खातं. केबल लावताना पुन्हा आतला नट धरा. टर्मिनलचा खांब मऊ असतो, जोर दाखवायची जागा ती नाही. केबल एक्झॉस्टला आणि स्टीअरिंगला लागत नाही ना, ते चाक दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. शेवटी बॅटरीची अर्थ जोडा.

पहिल्यांदा सेल्फ मारताना कॉइलची वायर काढलेलीच ठेवा आणि नुसतं फिरवून आवाज ऐका. एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि मध्ये निदान अर्धा मिनिट विसावा. फील्ड कॉइल जळतात त्या सलग मारत बसल्याने.

प्रश्न : सेल्फ 'घर्रर्र' करून नुसताच फिरतो, इंजिन हलत नाही. पाच-सहा वेळा मारलं की एकदा पकडतो. (अहमदनगर)

मोटर ठीक आहे, बेंडिक्स अडकलं आहे. क्लचची भुकटी आणि तेल मिळून शाफ्टच्या आट्यांवर चिकट थर बसतो आणि पिनियन जागचं सरकत नाही. सेल्फ उतरवा, बेंडिक्स रॉकेलमध्ये बुडवून ब्रशने स्वच्छ धुवा, वाळवा, आणि पिनियन बोटाने फिरवून बघा. ते सुळ्ळकन पुढे जाऊन स्प्रिंगने परत आलं पाहिजे. इथे ग्रीस लावू नका. बरेच जण प्रेमाने ग्रीस भरतात आणि महिन्याभरात तोच दोष परत येतो, कारण ग्रीसवर भुकटी अधिकच चिकटते.

बॅटरी अशक्त असली तरी हेच लक्षण दिसतं. पिनियन पुढे जातं ते मोटरच्या झटक्याने. मोटर हळूहळू वेग घेत सुरू झाली तर पिनियन तिच्याबरोबर नुसतं फिरत राहतं.

याच्या उलट, पिनियन रिंगेत अडकून बसलं असेल तर सेल्फच्या मागच्या टोकाची छोटी टोपी काढा. आत शाफ्टचं चौकोनी टोक असतं. पाना लावून फिरवलं की सुटतं. ते नसलं किंवा हात पोचत नसला तर इग्निशन बंद करून गाडी टॉप गिअरला टाका आणि पुढेमागे हलवा.

प्रश्न : जुना सेल्फ दुरुस्त करून घ्यावा की नवा घ्यावा? दुरुस्तीला दिला तर काय काय बघायचं? (कोल्हापूर)

आर्मेचर आणि फील्ड जळलेले नसतील तर मूळ सेल्फच दुरुस्त करा. त्याचं माप तुमच्या गाडीला जुळतं हे आधीच सिद्ध झालेलं असतं. कार्बन ८ एमएमपेक्षा कमी उरले असतील तर चारही एकदम बदलायचे. दोन कार्बनच्या वेण्या फील्ड कॉइलला डाग (सोल्डर) दिलेल्या असतात. फील्ड अॅल्युमिनियमची असेल तर तिला साधा डाग धरत नाही. अशा वेळी जुन्या वेणीचा पाव इंच तुकडा ठेवून कापतात आणि नवी वेणी त्या तुकड्याला जोडतात. हे वायंडरला, म्हणजे मोटरच्या गुंडाळ्या करणाऱ्या कारागिराला, आधीच सांगा.

बुश ब्राँझचे, सच्छिद्र असतात. ते बसवण्याआधी २४ तास इंजिन ऑइलमध्ये भिजत ठेवावे लागतात. आणि बसवल्यावर आतून रीमर (भोक मोठं करायचं हत्यार) फिरवायचा नाही. रीमरने छिद्रं बुजतात आणि तेल आत राहत नाही. दुकानात बऱ्याचदा हे भिजवणं होत नाही, कारण त्याला एक दिवस थांबावं लागतं. बुश तुम्हीच घरून भिजवून न्या.

कॉम्युटेटर (आर्मेचरच्या टोकाचा तांब्याच्या पट्ट्यांचा भाग, ज्यावर कार्बन घासतात) बारीक काचकागदाने साफ करा. एमरी पेपर नको, त्याचे कण करंट वाहतात आणि खाचांमध्ये अडकतात. आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. डायनॅमोच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या मशिनच्या) कॉम्युटेटरच्या पट्ट्यांमधला अभ्रक खरवडून खोल करतात, म्हणून सवयीने सेल्फचाही खरवडला जातो. या ल्यूकस पद्धतीच्या सेल्फमध्ये तो खरवडायचा नाही. हे काम दोन्ही मशिनवर एकाच हाताने होतं, म्हणून सेल्फ देतानाच स्पष्ट बोलून ठेवा.

आतल्या पोलशूवर (फील्ड कॉइल धरणाऱ्या लोखंडी तुकड्यांवर) आर्मेचर घासल्याच्या चकचकीत रेघा दिसल्या तर नुसते कार्बन बदलून उपयोग नाही, बुश आधी.

प्रश्न : प्रीमियर पद्मिनी. थंड असताना एका झटक्यात सुरू होते. तासभर चालवून बंद केली की सेल्फ ओढतच नाही. अर्ध्या तासाने पुन्हा ठीक. दोन वेळा सेल्फ बदलून झाला. (दादर, मुंबई)

दोन सेल्फ सारखेच बिघडले असतील असं मानण्यापेक्षा दोष बाहेर शोधा. गरम असताना, तो अडतो त्याच क्षणी, कॉइलची बारीक वायर काढा आणि पुन्हा सेल्फ मारा. इंजिन मोकळं फिरलं तर सेल्फचा काहीच दोष नाही. टायमिंग फार पुढे आहे. पिस्टन वर येण्याआधीच ठिणगी पडते आणि इंजिन सेल्फच्या विरुद्ध लाथ मारतं. टायमिंग मूळ खुणेवर आणा आणि डिस्ट्रिब्युटरची वजनं व स्प्रिंग अडकलेली नाहीत ना ते बघा.

वायर काढूनही तितकंच जड फिरलं तर केबलकडे वळा. तांबं तापलं की त्याचा अडथळा दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणजे ५० अंशांनी तापलं की जवळजवळ २० टक्के. थंड असताना काठावर निभावणारी केबल गरम झाल्यावर निभावत नाही. ३५ चौरस मिमी तांब्याची केबल घाला, थिंबल दाबून बसवलेली. अर्थची केबलही त्याच जाडीची, आणि ती थेट इंजिनाला किंवा गिअरबॉक्सच्या बोल्टला.

इंजिन नुकतंच बांधलं असेल, तर गरम झाल्यावर हँडलने फिरवून बघा, थंड असताना लागतो त्यापेक्षा फार जोर लागतो का. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा, दांड्याभोवती गुंडाळू नका. इंजिनाने उलट झटका दिला तर अंगठा मोडतो.

आणि बदललेले दोन्ही जुने सेल्फ टाकून देऊ नका. मुंबईत ही गाडी टॅक्सी म्हणून होती तोवर तिचे भाग कोपऱ्या-कोपऱ्यावर मिळत. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. आता चांगलं आर्मेचर आणि शाबूत तोंडाचं हाउसिंग हेच तुमचं भांडवल आहे.

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धातली विलीज एमबी जीप, ६ व्होल्टची. सेल्फ मूळचाच ठेवून १२ व्होल्टची बॅटरी लावली तर चालेल का? (नाशिक)

फिरेल, जोरात फिरेल, आणि तेच दुखणं आहे. दुप्पट व्होल्टेजने पिनियन रिंगेवर हातोड्यासारखं आदळतं. बेंडिक्सची स्प्रिंग तुटते, दातांचे टवके उडतात. दोन-तीन सेकंदांत सुरू होणारं, चांगल्या ट्यूनिंगमधलं इंजिन असेल तर सेल्फ पुष्कळ दिवस काढतो. पण सलग मारत बसायची सोय राहत नाही. शिवाय बल्ब, कॉइल, मीटर, डायनॅमो आणि कटआउट हे सगळंच बदलावं लागतं.

आम्ही ६ व्होल्टच ठेवायचा सल्ला देऊ, कारण बहुतेक जीपमध्ये दोष बॅटरीचा नसून केबलचा असतो. तेवढ्याच ताकदीसाठी ६ व्होल्टला दुप्पट करंट लागतो. त्याच केबलमध्ये टक्केवारीने नुकसान चौपट होतं. कुणीतरी कधीतरी १२ व्होल्टच्या गाडीची तयार केबल टाकलेली असते, आणि तेव्हापासून 'सहा व्होल्टला दम नाही' असं म्हटलं जातं. ५० ते ७० चौरस मिमीची केबल घाला, पायाने दाबायच्या स्विचचे आतले कॉन्टॅक्ट उघडून साफ करा, चॅसी ते इंजिन अर्थची पट्टी नवी लावा. मग ठरवा.

प्रश्न : मॉरिस मायनर १०००, पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला. इथे गिअर-रिडक्शनचे (आत वेग कमी करून जोर वाढवणारे गिअर असलेले) छोटे, जास्त ताकदीचे सेल्फ मिळतात. लावावा का, आणि वायरिंग काय बदलतं? (लेस्टर, इंग्लंड)

लावता येतो, वजन जवळजवळ निम्मं होतं आणि इंजिनही चपळ फिरतं. पण पैसे देण्याआधी विक्रेत्याला विचारा, आत फील्ड वाइंडिंग आहे की कायमचे लोहचुंबक. मूळ सेल्फ सिरीज वाइंडिंगचा असतो. बॅटरी उलटी केली तर फील्ड आणि आर्मेचर दोन्हींतला करंट उलटतो आणि फिरण्याची दिशा तीच राहते. लोहचुंबकाच्या मोटरमध्ये फक्त आर्मेचरचा करंट उलटतो, म्हणून पॉझिटिव्ह अर्थवर ती उलटी फिरते आणि इंजिनाला पकडच मिळत नाही. गाडीत चढवण्याआधी, अंगाला पॉझिटिव्ह जोडून, टेबलावर दिशा बघा. दुसरी खात्री करायची ती रिंगेची. तुमच्या गाडीवर मूळची, बेंडिक्ससाठी कापलेली रिंग असेल, तर त्या रिंगेसाठीच बनवलेला सेल्फ मागा.

वायरिंगमध्ये एक आडवाट सर्रास वापरली जाते. जुन्या स्विचच्या पुढची जाड केबल नव्या सेल्फला तशीच लावतात आणि तिथून एक छोटी वायर त्याच्या सोलेनॉइडला देतात. चालतं, पण किल्ली सोडल्यावर फिरती मोटर स्वतःच व्होल्टेज तयार करते आणि सोलेनॉइडला क्षणभर धरून ठेवते. पिनियन उशिरा सुटतं आणि किंचाळतं. योग्य पद्धत अशी की बॅटरीची जाड केबल थेट सेल्फच्या मोठ्या टर्मिनलला जावी आणि जुन्या स्विचमधून फक्त बारीक, २.५ चौरस मिमीची वायर सोलेनॉइडच्या छोट्या टर्मिनलला जावी. यामुळे ती जाड केबल आता कायम जिवंत राहते, गाडी बंद असतानाही. टर्मिनलवर रबराची टोपी चढवा, केबल जिथे पत्र्यातून जाते तिथे ग्रोमेट घाला, आणि बॅटरीवर हाताने फिरवायचा मास्टर स्विच बसवा.